गळ्यांतली गाठी, ताटांतलें पक्वान्न
(नभोवाणीवरील भाषण)

माझें माहेर बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकर तालुक्यांत, डोणगांवीं. लहानपणीं आम्हां मुलांना होळी जवळ आल्याचें पंचांगावरून कळत नसे. बाजारांत दोऱ्यांवर टांगलेल्या पांढऱ्याशुभ्र गाठ्या दिसूं लागल्या कीं तें कळे. होळीच्या दिवशीं लहान मुलाच्या गळ्यांत साखरेची गाठी घालावयाची, ही आमच्या वऱ्हाडांतील रीत. एक मामाकडून, एक आत्याकडून, एक शेजारच्या काकूंकडून. सायंकाळीं आम्ही भावंडें ओसरीवर रांगेनें उभीं राहून कोणाची माळ अधिक लांब हें मोजीत असूं. आजी मात्र दरवर्षीं एकच वाक्य बोले, “गाठी गळ्यात मिरवाची रे बाबू, सारी पोटात घालाची नाही.” आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती सगळ्या माळा गोळा करून फडताळांतल्या बरणींत ठेवून देई. आम्हांला तो मोठा अन्याय वाटे. पुढें स्वतःचा संसार मांडल्यावर त्या वाक्यांतलें शहाणपण मला उमगलें. श्रोतेहो, आज त्याच बरणीविषयीं मी बोलणार आहें.

ही चाल एकट्या वऱ्हाडाची नाहीं. पश्चिम महाराष्ट्रांत हीच गाठी चैत्र शुद्ध प्रतिपदेस गुढीला बांधतात. खानदेशांत व नाशिककडे तिला हार-कडें म्हणतात. होळी व पाडवा यांच्यामध्यें पंधरा दिवसांचें अंतर असतें, आणि तेवढ्या काळांत मुलांच्या घरीं गाठ्यांचा ढीग सांचतो. परदेशांतहि साखरेला असा मान आहे. ईजिप्त देशांत पैगंबरांच्या जन्मोत्सवास मुलींना साखरेच्या बाहुल्या देण्याची जुनी प्रथा आहे. मेक्सिकोंत मृतांच्या स्मरणदिनीं साखरेच्या कवट्या मांडतात. तात्पर्य, सणाच्या दिवशीं मुलाच्या हातीं गोड वस्तु द्यावी, ही भावना सर्वत्र सारखीच. अडचण उद्भवते ती दुसऱ्या दिवशीं.

ती अडचण किती गंभीर होऊं शकते, हें मीं स्वतःच्या घरीं पाहिलें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं होळीच्या दिवशीं माझा तीन वर्षांचा भाचा गळ्यांतल्या गाठीचा तुकडा दातांनीं तोडून तसाच धांवत सुटला. तुकडा घशांत अडकला. मुलाचा आवाज बंद झाला, चेहरा निळसर पडूं लागला. सुदैवानें घरांत एक जाणती परिचारिका होती. तिनें त्याला पुढें वांकवून पाठीवर थापा दिल्या आणि तुकडा बाहेर पडला. सारा प्रकार मिनिटभरांत संपला. परंतु ज्या मायेनें ती माळ गळ्यांत घातली होती, तिच्या पोटीं हें संकट दडलेलें होतें, याची जाणीव मला आजवर विसरतां आली नाहीं. तेव्हांपासून मी आजीची बरणी पुनः सुरू केली.

प्रथम गाठी कशी होते तें पाहूं. तें समजलें म्हणजे तिचें पुढें काय करावें हें आपोआप सुचतें.

कारागीर साखरेंत पाणी घालून मोठ्या कढईंत पाक उकळतात व त्यांत थोडें दूध सोडतात. दुधांतला चोथा उष्णतेनें साकळतो, साखरेंतली माती-कचरा आपल्याबरोबर घेऊन वर तरंगतो, आणि ती मळी झाऱ्यानें काढून टाकली कीं पाक स्वच्छ होतो. पुढें पाणी जसजसें आटतें तसतसा पाक अधिक तापतो. साधें पाणी १०० अंशांवर उकळतें. पाकाचा उकळबिंदु चढत जातो. बोटांच्या चिमटींत एक तार सुटते तेव्हां तो सुमारें १०५ अंशांवर असतो. थंड पाण्यांत टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी वळते तेव्हां सुमारें ११५ अंशांवर. गाठीला याहून थोडी घट्ट गोळी लागते. मग कढई उतरवून पाक कडेशीं घोटतात. घोटल्यानें साखरेचे अगणित सूक्ष्म कण एकदम जमूं लागतात व पाक दुधासारखा धूसर दिसतो. त्याच क्षणीं तो आधीं पाण्यांत भिजविलेल्या लांकडी सांच्यांत ओततात. सांच्यांत दोरा ताणलेला असतो. थोड्याच वेळांत साखर थिजते व दोऱ्यांत ओंवलेलीं पदकें बाहेर येतात.

येथें एक गंमत ध्यानांत घेण्याजोगी आहे. खडीसाखर, गाठी आणि लिमलेटची गोळी हीं तीनहि साखरेचींच रूपें. पाक शांतपणें दिवसचे दिवस ठेवला तर थोडे पण मोठे खडे वाढतात व ते पारदर्शक असतात, ती खडीसाखर. पाक घोटला तर असंख्य बारीक कण होतात, त्यांवरून प्रकाश विखुरतो व वस्तु पांढरी दिसते, ती गाठी. पाक जवळजवळ १५० अंशांपर्यंत चढवून, त्यांत आम्ल किंवा ग्लुकोज घालून कण जमूंच दिले नाहींत, तर तो कांचेसारखा थिजतो; ती गोळी. आपल्या महाराष्ट्रांत या गोळ्यांचा इतिहास जुना आहे. मुंबईस विलेपार्ले येथें १९२९ सालीं सुरू झालेल्या पार्ले कारखान्यानें प्रथम गोळ्याच केल्या. नाशिक जिल्ह्यांत वालचंद हिराचंदांनीं १९३३ सालीं उभारलेल्या रावळगांवच्या साखर कारखान्यांत १९४२ पासून गोळ्या होऊं लागल्या.

घरीं गाठी करावयाची असेल तर सांच्यावांचून अडत नाहीं. अर्धा किलो साखर, एक वाटी पाणी व दोन चमचे दूध घ्यावें. जाड बुडाच्या पातेल्यांत पाक करून मळी काढावी, घट्ट गोळी होईतों आटवावा व उतरवून पळीनें घोटावा. तूप लावलेल्या परातींत जाड सुती दोरा सरळ पसरून त्यावर दोन-दोन बोटांच्या अंतरानें चमच्या-चमच्यानें पाक सोडावा. रंग हवाच असेल तर केशराच्या दोन काड्या किंवा चिमटीभर हळद पुरे. लिंबू मात्र पिळूं नये. आम्लानें साखरेचे कण जमत नाहींत व गाठी चिकट राहते. पाक होत असतां मुलांना चुलीजवळ येऊं देऊं नये. तो उकळत्या पाण्याहून अधिक तापलेला असतो आणि अंगास चिकटून राहतो.

आतां बरणीकडे वळूं. आजीचा सारा व्यवहार एका नियमावर चाले: गाठी म्हणजे वजनानें तेवढीच साखर. पावकिलोची माळ ही पावकिलो साखरच होय. ती एका मुलानें चघळून संपविली तर त्याच्या दांतांचें व भुकेचें काय होईल, हें सांगावयास नको. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असा सल्ला दिला कीं, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकंदर आहाराच्या उष्मांकांत दहावा हिस्सा भरूं नये. मोठ्या माणसाच्या बाबतींत हें प्रमाण सुमारें ५० ग्रॅम पडतें, मुलाच्या बाबतींत त्याहून कमी. परंतु तीच माळ पाण्यांत विरघळविली तर तिच्यांतून दहा जणांचें सरबत होतें. फाल्गुन सरतांना आमच्याकडे ऊन तापूं लागलेलें असतें, आणि दारीं येणाऱ्या पाहुण्याला गाठीचें सरबत मिळे. दोरा काढून गाठी पाण्यांत टाकावी, विरघळल्यावर गाळून घ्यावी, लिंबू व चिमूटभर मीठ घालावें. दर पेल्यास २०-२५ ग्रॅम गाठी पुरते.

दुसरा पदार्थ रव्याच्या लाडवांचा. गाठी खलबत्त्यांत कुटून चाळली कीं उत्तम पिठीसाखर मिळते. २५० ग्रॅम बारीक रवा १०० ग्रॅम तुपावर मंद भाजावा, कोमट झाल्यावर त्यांत १५० ग्रॅम गाठीची पूड व वेलदोडा मिसळावा, दुधाचा हबका मारून झांकून ठेवावा व अर्ध्या तासानें लाडू वळावे. पाक बिघडण्याची भीति यांत मुळींच नाहीं. नवशिक्या सुनेनेंहि निर्धास्तपणें करावे.

बरणींत एकट्या गाठ्याच नसतात. संक्रांतीचा तिळगूळ होळीपर्यंत दगडासारखा होतो. तो कुटून, तुपावर खमंग भाजलेलें थोडें बेसन त्यांत मिसळलें कीं गुळाच्या पोळीचें सारण तयार. बारशाचे, वाढदिवसाचे पेढे उरले असतील तर ते कुस्करून, भाजलेल्या खसखशीची पूड घालून सारण घट्ट करावें व पोळींत भरावें. वेगळी साखर घालूं नये. पोळी मंद आंचेवर भाजावी, कारण पेढ्यांतली साखर लवकर करपते. मात्र एक गोष्ट कटाक्षानें पाळावी. दुधाची मिठाई आंबूस लागली किंवा तिच्यावर बुरशीचा ठिपका दिसला, तर ती टाकूनच द्यावी. वेलदोड्यानें वास लपतो, दोष जात नाहीं.

आतां शहरांतल्या घरीं गाठीबरोबर चॉकलेटच्या वड्याहि येतात. बोरन्हाणाच्या वेळीं मुलाच्या डोक्यावरून बोरें, चुरमुरे व हलवा यांच्या जोडीला गोळ्या-चॉकलेटेंहि ओततात, हें आपण पाहतोंच. अमेरिकेंत ऑक्टोबरअखेरच्या हॅलोवीन सणानंतर मुलांनीं घरोघर फिरून जमविलेल्या चॉकलेटांचे तुकडे करून आया बिस्किटांत व केकमध्यें घालतात. तिची नि माझ्या आजीची युक्ति एकच. आपल्याकडे याचे चुरमुऱ्यांचे वडे करावे. २०० ग्रॅम चॉकलेट चिरून कोरड्या वाडग्यांत घ्यावें, वाडगें गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवून हलक्या हातानें ढवळावें. पाण्याचा एक थेंबहि आंत पडतां कामा नये. थेंब पडतांच चॉकलेट गोळा होऊन बसतें. वितळल्यावर दोन वाट्या कुरकुरीत चुरमुरे व अर्धी वाटी भाजलेल्या दाण्यांचें कूट मिसळून ताटांत थापावें व थंड झाल्यावर कापावें. लिमलेटच्या गोळ्या मात्र पाण्यांत विरघळवून सरबतांतच घालाव्या हें बरें.

बाजारांतून रंगीत मिठाई घेतांना डोळे उघडे ठेवावे. म्हातारीचे केस म्हणून जी गुलाबी साखर विकतात, तिच्यांत रोडामिन-बी हा कापड रंगविण्याचा रंग सांपडल्यावरून २०२४ च्या फेब्रुवारींत पुदुचेरी व तामिळनाडु सरकारांनीं तिच्या विक्रीवर बंदी घातली. भडक गुलाबी रंग पाहून मूल हट्ट धरील. आपण पांढरी गाठी निवडावी.

आणि शेवटीं, सर्वांत महत्त्वाचें. पांच वर्षांखालील मुलाच्या हातीं गाठीचा तुकडा, कडक गोळी किंवा अख्खा शेंगदाणा देऊं नये. माळ गळ्यांत घालावी, हौसेनें छायाचित्र काढावें, औक्षण करावें आणि माळ उतरवून ठेवावी. बोरन्हाणांत चुरमुरे व मऊ पदार्थ असावे, आणि खालीं पडलेलें लहानग्यानें तोंडांत घालण्यापूर्वीं उचलून घ्यावें. कांहीं घशांत अडकलेंच, आणि मूल जोरानें खोकत असेल, तर खोकूं द्यावें. घशांत बोट घालून चांचपूं नये. वर्षाहून मोठ्या मुलाला खोकतां, रडतां किंवा श्वास घेतां येत नसेल, तर त्याला पुढें वांकवून पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्यभागीं तळहाताच्या टाचेनें ५ जोरदार थापा द्याव्या. तेवढ्यानें वस्तु न निघाल्यास मागून कवटाळून बेंबीच्या किंचित् वर मूठ ठेवून ५ वेळां आंत व वर दाबावें, आणि वस्तु निघेपर्यंत हें आळीपाळीनें करीत राहावें. दरम्यान दुसऱ्या कोणीं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे शब्द लिहून स्वयंपाकघरांत लावून ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

आमचा भाचा आतां मोठा झाला आहे. होळीच्या दुसऱ्या दिवशीं घरांतल्या लहानग्यांच्या माळा गोळा करण्याचें काम त्यानें आपणहून अंगावर घेतलें आहे. दोरे काढून गाठ्या तो बरणींत भरतो, आणि पाडव्याला त्यांचे लाडू झाले कीं पहिला लाडू, ज्याची माळ सर्वांत लांब होती त्या मुलाला देतो. मुलें रुसत नाहींत. आपली माळ साऱ्या घरानें खाल्ली, याचा त्यांना अभिमान वाटतो. आजीच्या बरणीचा हाच उपयोग होता, हें मला इतक्या वर्षांनीं कळलें. यंदाच्या होळीस आपल्याहि फडताळांत अशी एक बरणी असावी, एवढेंच सांगून मी आपला निरोप घेतें.