राक्षस, एल्फ आणि लांब कान

दिवाळीच्या तोंडावर पेडणे-डिचोलीच्या वाड्यांवर नरकासुर उभे राहतात: आत सांगाडा, त्यावर सुकं गवत, कागद, रंग आणि वर सुळ्यांचा मुखवटा. चतुर्दशीच्या पहाटे ते जाळले जातात. राक्षस दिसतो कसा, हा प्रश्न गोव्यातली मुलं दरवर्षी अशी हातांनी सोडवतात.

कल्पनारम्य रोलप्लेइंग खेळांच्या चित्रकारांपुढेही हाच प्रश्न असतो, आणि त्यांच्या उत्तरावर जपानी ॲनिमेशनची छाप किती, हा वाद जुना आहे.

छाप नक्कीच आहे, पण ती एकतर्फी नाही. अमेरिकेत 1974 साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा असाच एक खेळ आला. जपानच्या ‘कॉम्प्टिक’ मासिकात 1986 पासून त्याच खेळाच्या डावांचे वृत्तान्त छापून येऊ लागले. त्यांतूनच ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ ही कादंबरीमाला आणि 1990 ची ॲनिमेशन मालिका घडली. तिच्यातल्या डीडलिट या एल्फ-कन्येला (एल्फ म्हणजे पाश्चात्त्य लोककथांतला परीसदृश जीव) चित्रकार युताका इझुबुची यांनी आडवे, टोकदार, विलक्षण लांब कान दिले. जपानी चित्रांत ते पुढे रूढच झाले.

मग प्रवाह उलटा फिरला. ‘एक्झाल्टेड’ या 2001 च्या अमेरिकी खेळाने ॲनिमेची शैली उघडपणे स्वीकारली.

आपल्या राक्षसांनाही जपानी रेषा लाभली आहे. युगो साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांच्या ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ या ॲनिमेशनपटातला रावण जानेवारी 2025 मध्ये भारतीय चित्रपटगृहांत झळकला.