जुना सर्व्हर आणि कार्यालयाची मर्यादित तरतूद

पतसंस्था, दूध संस्था किंवा लहान कारखाना यांचा सारा हिशेब आज बहुधा एकाच यंत्रावर, म्हणजे कार्यालयातील सर्व्हरवर, असतो. खतावणी उघडावयास विलंब होऊ लागला की नव्या यंत्राचे दरपत्रक मागविले जाते आणि रक्कम पाहून विषय पुढील सभेवर ढकलला जातो. वास्तविक यंत्र मंद होणे व ते असुरक्षित होणे या दोन भिन्न गोष्टी होत.

मंदपणाचे मूळ पुष्कळदा हार्ड डिस्कमध्ये असते. मिनिटास ७,२०० फेरे घेणारी तबकडी विखुरलेल्या नोंदी सेकंदाला सुमारे शंभर एवढ्याच वाचू शकते, कारण प्रत्येक नोंदीसाठी वाचनशीर्ष सरकावे लागते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने ही संख्या हजारोंच्या घरात जाते. डिस्क बदलून रॅम वाढविल्यास जुने यंत्र आणखी काही वर्षे काम देऊ शकते. रॅम मात्र पारखून घ्यावी. अनेक सर्व्हरना लागणारी रजिस्टर्ड ईसीसी रॅम वेगळी असते. घरगुती संगणकाची तेथे चालत नाही.

असुरक्षिततेचे तसे नाही. विंडोज सर्व्हर २०१२ या प्रणालीच्या विनामूल्य सुरक्षा-दुरुस्त्या १० ऑक्टोबर २०२३ नंतर बंद झाल्या. अशा दुरुस्त्यांचे मोल मे २०१७ मध्ये दिसून आले. ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या आरोग्यसेवेतील रुग्णालयांचे संगणक अडविले, तेव्हा त्या दोषावरील दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध होती! केवळ फाइली ठेवावयाच्या असतील तर लिनक्स व साम्बा परवाना शुल्काविना मिळतात. हिशेबाची आज्ञावली त्यावर चालेल काय, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.

तथापि पहिला खर्च यांपैकी कशावरही नसावा. तो प्रतींवर असावा. सर्व्हरमध्ये दोन डिस्कवर एकच मजकूर उमटत असला, तरी चुकून पुसलेली फाइल दोहोंवरूनही जाते. सबब दोन बाह्य डिस्क घ्याव्यात, प्रत घेतल्यावर त्या यंत्रापासून सोडवाव्यात आणि आळीपाळीने एक कार्यालयाबाहेर कुलपात ठेवावी. ती प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून एखाद्या खातेदाराची शिल्लक ताडून पाहावी. हे फारच थोड्या ठिकाणी होते.

यंत्रबदलाचे काम मार्चअखेरच्या धांदलीत काढू नये. जोडून आलेल्या सुट्ट्या निवडाव्यात आणि जुनी डिस्क पुढील ताळेबंद जुळेपर्यंत न पुसता जपून ठेवावी.