मूर्ती विरघळते कशी?

मुलांनो, पेणच्या गणेशमूर्ती प्रसिद्ध आहेत. शाडूची मूर्ती पाण्यात लवकर विरघळते. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती मात्र महिनोन्महिने तशीच पडून राहते. यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने उपाय शोधला. बादलीतल्या पाण्यात मूर्तीच्या वजनाइतके अमोनियम बायकार्बोनेट मिसळायचे. बेकरीत बिस्किटे फुगवण्यासाठी हीच पावडर वापरतात. त्या पाण्यात लहान मूर्ती दोन-तीन दिवसांत विरघळते. तळाशी चुनखडी बसते आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट हे खत उरते. २०१६ साली पुणे महानगरपालिकेने ही पावडर लोकांना वाटली. मूर्तीचे रंग मात्र यात नाहीसे होत नाहीत. म्हणून नैसर्गिक रंगांची शाडूची मूर्तीच उत्तम. पेणची भोगावती असो की रोह्याची कुंडलिका, सण कोणाचाही असला तरी नदी आपल्या सर्वांचीच आहे ना?