लिसा स्थळेकर : जन्म पुण्याचा, खेळ सिडनीचा

सीताबर्डीच्या मोठ्या रस्त्यावरील क्रीडासाहित्याच्या दुकानात एखादी मुलगी वडिलांसमवेत शिरली आणि तिने बॅट हाती घेतली, तर ती भावासाठीच असावी असा समज एके काळी सहज होत असे. आता तो समज पुष्कळसा मावळला आहे. स्त्रियांचे क्रिकेट हा केवळ हौसेचा विषय न राहता उपजीविकेचा व्यवसाय होऊ लागला आहे. हा पालट कसा घडला हे समजून घेण्यास लिसा स्थळेकर हिचे चरित्र फार उपयोगी पडते. आडनाव मराठी, आई इंग्रज, जन्म पुण्याचा आणि कीर्ती ऑस्ट्रेलियाच्या संघातली! अशा खेळाडूला आपली कोणी म्हणावे, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

१३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात जन्मलेली ही मुलगी ससून रुग्णालयाच्या आश्रयाने चालणाऱ्या ‘श्रीवत्स’ या बालसंगोपनगृहात होती. तेथे तिचे नाव लैला होते. मूळचे मुंबईचे हरेन स्थळेकर आणि त्यांच्या इंग्रज पत्नी स्यू यांनी त्यापूर्वीच एक मुलगी दत्तक घेतली होती. आता मुलगा घ्यावा या हेतूने ते आले होते. परंतु अवघ्या तीन आठवड्यांच्या लैलेला पाहून त्यांचा बेत बदलला. लैलेची लिसा झाली. अमेरिका आणि केनिया येथे काही काळ राहून हे कुटुंब सिडनी येथे स्थायिक झाले.

वारसा म्हणजे रक्तातून येणारी वस्तू, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. लिसाच्या ठायी जो दुहेरी वारसा आला, तो मात्र रक्ताचा नव्हे, घराचा होता. वडिलांनी मुंबईहून क्रिकेटचे वेड नेले होते. तेच त्यांनी सिडनीच्या घरामागील अंगणात मुलीच्या हाती दिले. पुढे ती मुलांच्या संघात खेळू लागली. मुलगी म्हणून तिला वगळले गेले असते, तर ही कथा तेथेच संपली असती.

२००१ साली इंग्लंडविरुद्ध तिने एकदिवसीय सामन्यांत पदार्पण केले. उजव्या हाताची फलंदाजी आणि फिरकी गोलंदाजी या दोहोंत ती सारखीच निष्णात होती. १२५ एकदिवसीय सामन्यांत २,७२८ धावा आणि १४६ बळी अशी तिची कामगिरी आहे. या प्रकारच्या सामन्यांत १,००० धावा आणि १०० बळी ही जोड साधणारी ती जगातील पहिली स्त्री होय. २००५ सालच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, दक्षिण आफ्रिकेतील सेंच्युरियन येथे, तिने ५५ धावा काढल्या आणि ऑस्ट्रेलियाने भारताला ९८ धावांनी पराभूत केले. पुण्यात जन्मलेल्या मुलीची बॅट त्या दिवशी भारताविरुद्ध चालली, यात विषाद मानण्याचे कारण नाही. जे अंगण तिला लाभले, त्याच्याशी ती एकनिष्ठ राहिली. पुढे २०१० आणि २०१२ साली वीस षटकांचे विश्वविजेतेपदही तिच्या संघास मिळाले. १७ फेब्रुवारी २०१३ रोजी मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडिजवर मात करून पुन्हा विश्वचषक जिंकला, आणि लागलीच तिने आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा निरोप घेतला. वडिलांच्या गावीच तिच्या खेळाची सांगता झाली, हा योगायोग मोठा हृद्य आहे.

तथापि या यशाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. तिच्या कारकिर्दीच्या बहुतेक काळात केवळ खेळावर निर्वाह चालविणे स्त्रियांना शक्य नव्हते. न्यू साउथ वेल्सच्या क्रिकेट संस्थेत नोकरी करीत तिने देशासाठी खेळ केला. ऑस्ट्रेलियात स्त्री व पुरुष खेळाडूंच्या वेतनाचा एकत्र करार झाला तो २०१७ साली, म्हणजे तिच्या निवृत्तीनंतर चार वर्षांनी. ज्या झाडाची फळे आपणास मिळावयाची नाहीत, त्यास पाणी घालणाऱ्यांपैकी ती एक होती. २०२२ साली खेळाडूंच्या संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ती अध्यक्ष झाली; हे पद भूषविणारी ती पहिलीच स्त्री.

दोन देशांशी नाते असलेल्या प्रत्येक खेळाडूची वाट मात्र अशी सरळ नसते. भारताच्या कायद्यात दुहेरी नागरिकत्वास स्थान नाही आणि राष्ट्रीय संघात खेळण्यास भारतीय नागरिकत्व आवश्यक मानले जाते. आराता इझुमी हा पुण्याच्या व्यावसायिक संघाकडून खेळलेला फुटबॉलपटू. त्याचे वडील गुजराती, आई जपानी. भारताकडून खेळता यावे म्हणून त्याने जपानचे नागरिकत्व सोडले आणि २०१३ साली तो भारतीय संघात उतरला. एकाला देश निवडावा लागला. दुसरीच्या बाबतीत ती निवड पाळण्यातच झाली होती.

मग पुण्याकडे संधीच नव्हती काय? तसे म्हणता येणार नाही. स्त्रियांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा १९७३ साली पुण्यातच भरली होती. उणीव होती ती पैशाची आणि पाठबळाची. २००६ साली स्त्रियांचे क्रिकेट भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे आले. २०१७ सालच्या विश्वचषकात लॉर्ड्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेल्या भारतीय चमूत नागपूरची मोना मेश्राम होती. २०२२ साली स्त्री-पुरुष खेळाडूंचे सामन्यांचे मानधन समान ठरले, आणि २०२३ साली स्त्रियांची व्यावसायिक लीग सुरू झाली. त्या लीगमधील उत्तर प्रदेशाच्या संघाची मार्गदर्शक म्हणून लिसा स्थळेकर याच भूमीवर परत आली.

लिसा आपली की परक्यांची, या वादात फारसे तथ्य नाही. जन्मस्थानाचा अभिमान मिरविण्यास काहीच खर्च येत नाही; अंगण, मैदान आणि वेतन देण्यास येतो. सीताबर्डीच्या दुकानात बॅट हाती घेणाऱ्या मुलीला घरी आणि मैदानावर कोणती वागणूक मिळते, यावरच उद्याची लिसा येथे घडणार की अन्यत्र, हे ठरणार आहे.