टर्बोचा सांडवा

घुग्घुस किंवा पद्मापूरच्या खाणीतून कोळसा घेऊन निघालेला ट्रक चढावर आला, की एंजिनाच्या घरघरीत मिसळलेला एक बारीक, शिट्टीसारखा आवाज ऐकू येतो. एटापल्लीकडे सूरजागडच्या पहाडावरचे लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांचाही तो आवाज तेथल्या मुलांच्या ओळखीचा आहे. तो एंजिनाचा नव्हे, त्याला जोडलेल्या टर्बोचार्जरचा. मेकॅनिक लोक त्याला नुसते ‘टर्बो’ म्हणतात.

एंजिनाला इंधन लागते हे सर्वांना माहीत असते, पण ते हवा किती खाते याचा आपण क्वचितच विचार करतो. एक किलो डिझेल पुरते जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. चंद्रपूरच्या मे महिन्यातली ४७ अंश सेल्सियसची हवा घेतली तर तिच्या एका घनमीटरचे वस्तुमान जेमतेम १.१ किलो भरते. हिशेब केलात तर एका लिटर डिझेलला जवळजवळ ११ हजार लिटर हवा हवी, असे उत्तर येईल. शिवाय २७ अंशांच्या हवेपेक्षा ४७ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते (३०० भागिले ३२०, केल्विनमध्ये). म्हणजे उन्हाळ्यात एंजिन आधीच थोडे उपाशी असते. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळते आणि काळा धूर निघतो.

मग हवा दाबून भरली तर? स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूची या एंजिनियराने १९०५ साली नेमक्या याच कल्पनेचे पेटंट घेतले. इंधनातील सुमारे एकतृतीयांश ऊर्जा तापलेल्या वायूंबरोबर धुराड्यातून फुकट जाते. त्या वायूंच्या वाटेत पात्यांचे एक चाक ठेवायचे. हे टर्बाइन. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक, ते बाहेरची हवा ओढून एंजिनात दाबते. हा काँप्रेसर. मोटारींच्या लहान टर्बोमध्ये हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. आपल्या घरातला छताचा पंखा तीनशे-साडेतीनशे घेतो!

येथवर सारे छान आहे. पण जरा पुढे विचार करा. हवा जास्त आली, म्हणून इंधन जास्त जाळता आले. इंधन जास्त जळले, म्हणून बाहेर पडणारा वायू वाढला. वायू वाढला, म्हणून टर्बाइन आणखी जोरात फिरले आणि त्याने आणखी हवा भरली. हे चक्र थांबणार कोठे? कोणी थांबवले नाही तर दांड्याचे बेअरिंग जाईल, पाती तुटतील किंवा सिलिंडरातला दाब एंजिनाला झेपणार नाही.

याचे उत्तर आपल्या भागात शतकांपूर्वीच बांधून ठेवलेले आहे, असे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. चंद्रपूर-गडचिरोलीत गावोगाव मालगुजारी तलाव आहेत. पाळ फुटू नये म्हणून तलावाला सांडवा असतो. आसोलामेंढ्याच्या तलावाचा सांडवा वाहू लागला की तो पाहायला पावसाळ्यात गर्दी होते. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की ते आपोआप बाजूने निघून जाते. टर्बोलाही असाच सांडवा असतो, त्याचे नाव वेस्टगेट. टर्बाइनच्या तोंडाशी एक आडवाट काढलेली असते आणि तिच्यावर एक लहान झडप असते. झडप उघडली की काही वायू टर्बाइनला न शिवता सरळ धुराड्यात जातो.

ती झडप उघडतो कोण? टर्बोच्या कडेला पत्र्याची एक गोल डबी दिसते. तिच्यात रबरी पडदा आणि त्याला मागे रेटणारी स्प्रिंग असते. काँप्रेसरने दाबलेली थोडी हवा एका बारीक नळीतून पडद्यापाशी येते. समजा, पडद्याचा व्यास ५ सेंटिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर. हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा ०.७ बारने जास्त झाला तर पडद्यावर सुमारे १४ किलो वजनाइतका जोर येतो. स्प्रिंग तेवढ्याच जोराची निवडलेली असेल, तर आता पडदा सरकू लागतो, त्याला जोडलेली दांडी पुढे जाते आणि झडप उघडते. टर्बाइनचा वेग वाढायचा थांबतो. दाब उतरला की स्प्रिंग झडप पुन्हा लावते.

कुकरच्या शिट्टीशी याची तुलना नेहमी करतात, मला ती फारशी पटत नाही. कुकर वाढलेला दाब स्वतःच बाहेर सोडतो, म्हणजे तयार झालेली वाफ वाया जाते. वेस्टगेट दाबलेल्या हवेला हात लावत नाही. ती हवा ज्याच्यामुळे दाबली जाते, त्या टर्बाइनचाच खुराक ते कमी करते. जेम्स वॅटने वाफेच्या एंजिनावर बसवलेला गव्हर्नर त्याचा खरा भाऊबंद.

या झडपेमुळे आणखी एक सोय झाली. लहान टर्बो हलका असल्याने एंजिनाच्या कमी वेगातही चटकन फिरू लागतो, पण वेग वाढला की तोच प्रमाणाबाहेर पळतो. वेस्टगेट असेल तर लहान टर्बो बेधडक वापरता येतो. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर या मोटारीत वेस्टगेट होते. १९७७ साली स्वीडनच्या साब कंपनीने आणलेल्या ‘९९ टर्बो’मुळे ही युक्ती घरगुती मोटारीत रुजली.

आजच्या अनेक गाड्यांत नळीच्या वाटेत एक विद्युतचुंबकी झडपही असते. एंजिनाचा संगणक ती सेकंदाला अनेकदा उघडमीट करतो आणि नळीतली थोडी हवा बाहेर गळू देतो. पडद्याला खऱ्यापेक्षा कमी दाब जाणवतो, म्हणून वेस्टगेट उशिरा उघडते आणि गरजेपुरता अधिक दाब मिळतो. या झडपेची वीज गेली तर सर्व दाब पडद्यावर येतो आणि वेस्टगेट लवकर उघडते. गाडी मंद होते, पण एंजिन वाचते. काही डिझेल गाड्यांत वेस्टगेटऐवजी टर्बाइनभोवतीची पातीच वळवतात. तो विषय वेगळ्या लेखाचा आहे.

बिघाड मात्र दोन प्रकारचे आणि एकमेकांच्या उलट. काजळी साचून झडप उघडीच अडकली तर दाब चढत नाही, चढावर दम लागतो, जुन्या गाड्यांत काळा धूर येतो. भामरागडहून गडचिरोलीला रुग्ण घेऊन जायचे म्हणजे दीडशे किलोमीटरहून अधिक रस्ता. तेथे गाडीचा दम जाणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. दुसरा बिघाड फसवा आहे. बारीक नळीला चीर पडली, की पडद्यापाशी दाब पोचतच नाही, वेस्टगेट बंदच राहते आणि टर्बो बेफाम होतो. चालकाला सुरुवातीला वाटते, गाडीला झकास पिकअप आला! काही जण तर ओव्हरलोड ट्रक चढावा म्हणून दांडीचा नट मुद्दाम आवळून घेतात. हे म्हणजे सांड्यावर मातीच्या गोण्या टाकण्यासारखे आहे. तळे जास्त भरते खरे, पण पाळ तेवढीच असते.

नळीच्या चिरेचा परिणाम शाळेत पाहता येतो. नरसाळ्याच्या रुंद तोंडावर फुग्याचे रबर ताणून घट्ट बांधा. बारीक टोकाला रबरी नळी लावून फुंका. रबर फुगून वर येईल. आता नळीला मध्येच मोळ्याने एक भोक पाडा आणि तेवढ्याच जोराने फुंका. नंतर भोकावर बोट ठेवून पुन्हा फुंका, आणि प्रत्येक वेळी रबर किती वर आले ते पट्टीने मोजून वहीत लिहा.