घरातला पियानो – लेखांक ४ : पावसाळा, लाकूड आणि लोकर

पियानो घ्यायला गेलेली माणसे आवाज ऐकतात, पॉलिश पाहतात, किंमत विचारतात. पियानो ज्या खोलीत उभा राहणार, तिथली हवा मात्र फारसे कोणी मोजत नाही. मारुंजीत राहणाऱ्याने सगळ्यात आधी तीच मोजावी, असे मला कळकळीने सांगायचे आहे. गेल्या आठवड्यात आपण दुकानात वाद्य वाजवून कसे पाहायचे ते पाहिले. दुकानात उत्तम बोललेला पियानो घरी आल्यावर वर्षभरात का बिघडतो आणि तो बिघडू नये म्हणून काय करायचे, हा या लेखांकाचा विषय.

मारुंजी मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून आहे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर पुण्यात शिवाजीनगरला सातशेच्या आसपास. घाटाकडून शहराकडे हा पाऊस झपाट्याने कमी होत जातो आणि मारुंजी त्या वाटेवर, शहराच्या पश्चिम टोकाला येते. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेची आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. मार्च-एप्रिलच्या दुपारी तीच ३० टक्क्यांच्या खाली येते. शिवाय आजूबाजूला सतत बांधकाम चालू, त्यामुळे बारीक सिमेंटची धूळ आलीच. पियानोला मानवते ती साधारण ४० ते ६० टक्क्यांमधली, फारशी न हलणारी आर्द्रता. थोडक्यात, इथली हवा वर्षातून दोनदा पियानोच्या विरोधात जाते.

आत नेमके काय होते

पियानोत सुमारे २३० तारा असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. हा ताण ओतीव लोखंडाची चौकट पेलते, आणि तिच्यावर दमट हवेचा परिणाम होत नाही. परिणाम होतो तो तारांमागच्या लाकडी फळीवर. साउंडबोर्ड नावाची ही फळी स्प्रूसच्या पातळ लाकडाची असून तिला मध्यभागी किंचित फुगवटा दिलेला असतो. तारांचे कंपन एका लाकडी घोडीतून या फळीत उतरते आणि फळी ते हवेला देते. पावसाळ्यात घरातले लाकडी दार फुगून चौकटीला घासू लागते, तसेच या फळीचे होते. ती फुगते, फुगवटा वाढतो, घोडी तारांना वर ढकलते, तारा ताणल्या जातात आणि स्वर चढतो. उन्हाळ्यात फळी आकसली की हेच सारे उलटे होते आणि स्वर उतरतो.

हे सगळ्या पट्टीवर सारखे घडत नाही. मधल्या भागात, विशेषतः तांबे गुंडाळलेल्या तारा संपून साध्या पोलादी तारा सुरू होतात त्या जागी, फरक सर्वांत जास्त पडतो. म्हणजे अख्खा पियानो एकसारखा वर-खाली झाला असता तर निदान स्वतःशी तरी जुळून राहिला असता. तसे न होता तो स्वतःशीच बेसूर होतो.

दुसरा फटका लोकरीला. हातोड्यांची डोकी दाबलेल्या लोकरीची असतात आणि पट्ट्या ज्या पिनांवर हलतात तिथेही लोकरीचे कापड असते. लोकर ओल शोषून फुगली की पट्टी दाबलेली तशीच राहते, हातोडी सावकाश परत येते, एकच स्वर भरभर वाजवता येत नाही. तिसरा फटका पोलादाला, म्हणजे तारांना आणि त्या ज्यांवर गुंडाळलेल्या असतात त्या खुंट्यांना लागणारा गंज. आणि कोरड्या दिवसांत, खुंट्या ज्या थरांच्या लाकडी ठोकळ्यात घट्ट बसवलेल्या असतात तो आकसला की त्यांची पकड सैल पडते. अशी सैल खुंटी कितीही वेळा जुळवली तरी टिकत नाही.

शिकणाऱ्यावर होणारा परिणाम

मराठी घरांना पेटीची सवय आहे. नाट्यसंगीताच्या ऑर्गनमुळे पट्ट्यांचे वाद्य आपल्याकडे घराघरात ऐकले गेले, आणि आपले गायक आजही ‘काळी चार’, ‘पांढरी पाच’ अशा पेटीच्याच भाषेत आपला सूर सांगतात. चित्रपटसंगीतामुळे पियानोचा आवाजही मराठी कानाला परका राहिलेला नाही. पण पेटीवर आवाज लहान-मोठा होतो तो भात्यामुळे. बोटाने फक्त स्वर उघडायचा असतो. पियानोवर प्रत्येक स्वराची जोरकसता बोट पट्टीवर किती वेगाने उतरते यावर ठरते. पहिल्या वर्षात मूल मुख्यतः हेच शिकत असते. पट्ट्या चिकटणाऱ्या, हातोड्या जडावलेल्या पियानोवर ते शिकता येत नाही, आणि वाईट हे की मुलाला दोष वाद्याचा वाटत नाही, स्वतःच्या बोटांचा वाटतो. क्लास सोडून देणाऱ्या मुलांच्या पालकांनी आधी वाद्य तपासावे.

तपासायला तज्ज्ञ लागत नाही. मधल्या भागातली एकच पट्टी दाबा आणि स्वर विरेपर्यंत ऐका. मधल्या आणि वरच्या बहुतेक स्वरांना प्रत्येकी तीन तारा असतात. त्या जुळलेल्या असतील तर स्वर सरळ विरतो, नसतील तर आवाज लाटांसारखा डोलतो. तानपुऱ्याची जोड लावणाऱ्याला हे डोलणे चांगले ठाऊक असते. मग पांढरी एक आणि तिच्या वरच्या सप्तकातली पांढरी एक एकत्र वाजवा. तिथेही डोल ऐकू आला तर जुळणीची वेळ झाली.

निवड : खरा पियानो की डिजिटल

आता निवडीकडे पाहू. डिजिटल पियानोत तारा नाहीत, साउंडबोर्ड नाही. त्याचा स्वर पावसाळ्यात चढत नाही. धुळीपासून झाकण आणि विजेच्या चढउतारापासून सर्ज प्रोटेक्टर दिला की तो वर्षानुवर्षे सुरात राहतो. हेडफोन लावून रात्री दहानंतरही सराव करता येतो, आणि पातळ भिंतींच्या सोसायटीत हा मोठाच दिलासा आहे. अट दोनच गोष्टींची : पट्ट्या पूर्ण ८८ हव्यात आणि त्या वजनदार, हॅमर अ‍ॅक्शनच्या (खऱ्या हातोडीसारखे वजन देणाऱ्या) हव्यात. ६१ हलक्या पट्ट्यांच्या की-बोर्डवर बोटांना पियानोची ताकद येत नाही.

खरा पियानो घ्यायचा तर घरात वर्षभर हवा सांभाळण्याची तयारी हवी. ती असेल तर त्याच्या आवाजाची बरोबरी डिजिटलला येत नाही, हे मी निःसंकोच सांगेन : लाकडातून खोलीत पसरणारा स्वर आणि बोटाला मिळणारा त्याचा जबाब हे वेगळेच शिक्षण आहे. पण तयारी नसेल तर चांगला डिजिटल घेणे हाच शहाणपणा. दुर्लक्षित पियानोपेक्षा सुरातला डिजिटल मुलाला जास्त शिकवतो.

जुना पियानो घेताना विशेष जपा. मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारात ब्रिटिश काळातले देखणे पियानो मिळतात. त्यांतल्या काहींची बांधणी उष्ण, दमट वसाहतींसाठी मुद्दाम पितळी स्क्रू वापरून केलेली असे. तरीही त्यांतले बरेच आज मधल्या धैवताला, म्हणजे पांढरी एकला सा मानल्यास पांढरी सहाला, सेकंदाला ४४० कंपनांचा प्रमाण स्वर पेलू शकत नाहीत. ताण वाढवला की तारा तुटतात. दिवाणखान्याची शोभा म्हणून ते घ्या, शिकण्यासाठी नको. जपानमधून आलेले वापरलेले पियानो शिकण्यासाठी बरे, पण खुंट्या घट्ट आहेत का आणि साउंडबोर्डला तडा आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्या.

वजनाचा हिशेबही आधीच करावा. १२१ सेंटीमीटर उंचीच्या उभ्या पियानोचे वजन २३० किलोच्या आसपास असते आणि रुंदी सुमारे दीड मीटर. सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता ४०८ किलो, आठ माणसांच्या लिफ्टची ५४४ किलो. म्हणजे पियानो आणि तो धरणारी चार माणसे सहाच्या लिफ्टमध्ये एकत्र जाऊच शकत नाहीत, आणि लहान लिफ्टमध्ये पियानोची रुंदीही मावत नाही. सोसायटीत स्ट्रेचर जाईल अशी मोठी लिफ्ट असेल तर तिचे दार आणि आतली मापे टेपने मोजूनच खरेदीची तारीख ठरवा.

वर्षभराची देखभाल

जागा : पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला पियानो लावू नका, पावसाचा मारा आणि ओल तिथेच येते. आतल्या भिंतीपासून आठ-दहा सेंटीमीटर सोडून तो उभा करा. थेट ऊन, एसीचा झोत आणि फोडणीची वाफ या तिन्हींपासून दूर. फक्त रात्री चालणाऱ्या एसीच्या खोलीत आर्द्रता रोज वर-खाली होते, म्हणून ती खोलीही टाळा.

पावसाळा : खिडक्या बंद ठेवून डीह्युमिडिफायर ५० ते ५५ टक्क्यांवर लावा. ते शक्य नसेल तर उभ्या पियानोच्या तळाशी बसवायचा कमी वॉटचा हीटर रॉड तंत्रज्ञाकडून बसवून घ्या. साधा बल्ब स्वतः आत सोडणे धोक्याचे आहे. सिलिका जेलच्या पुड्या काही दिवसांत ओल पिऊन निकामी होतात. त्यांच्या भरवशावर राहू नका.

उन्हाळा : कूलरचा झोत खोलीत सोडू नका आणि पियानोच्या आत पाण्याचे भांडे ठेवू नका. खोलीत हवा फार कोरडी झाली तर ह्युमिडिफायर दूर, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा.

कीड : कसर लोकर खाते, आणि तिला अंधार व शांतता लागते. म्हणून पियानो रोज वाजवणे हाच पहिला उपाय. वर्षातून एकदा तंत्रज्ञाकडून आतली धूळ काढून घ्या. डांबराच्या गोळ्या ठेवायच्याच असतील तर कापडी पुरचुंडीत, लोकरीला न लागतील अशा. घरात तान्हे बाळ असेल तर अजिबात नकोत. उंदराने आत घर केले तर लोकर आणि हातोड्यांच्या कापडी फिती दोन्ही जातात, म्हणून पेडलजवळच्या फटींवर लक्ष असू द्या.

स्वच्छता : पट्ट्या किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसून लगेच कोरड्या करा. चिकटलेल्या पट्टीत शिलाई मशीनचे तेल कधीही सोडू नका. लोकर ते शोषते आणि दुखणे कायमचे होते. पियानोच्या माथ्यावर फुलदाणी, समई किंवा गणपतीची आरास नको. सांडलेले पाणी थेट पट्ट्यांत आणि तारांवर उतरते.

जुळणी : नवा पियानो घरी आल्यावर दोन-तीन आठवडे त्याला खोलीच्या हवेत मुरू द्या, मगच जुळणी करा. पुढे वर्षातून दोनदा, ऋतू बदलून हवा स्थिरावल्यावर : एकदा जुलैच्या मध्यात, एकदा नोव्हेंबरात. एकच जुळणी परवडत असेल तर नोव्हेंबरची करा, कारण त्यानंतर हवा बराच काळ सावकाश बदलते. वर्षानुवर्षे न जुळवलेला पियानो एका बैठकीत सुरात येत नाही. आधी स्वर वर आणून तारांना स्थिरावू द्यावे लागते आणि काही आठवड्यांनी बारीक जुळणी करावी लागते. तंत्रज्ञ बहुधा पुणे कॅम्प किंवा मुंबईहून येतो. आसपासच्या सोसायट्यांतल्या पियानोवाल्यांनी एकाच दिवशी त्याला बोलावले तर येण्याजाण्याचा खर्च वाटून घेता येतो.

या आठवड्याचे काम सोपे आहे. एक हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) आणा आणि पियानो जिथे ठेवायचा आहे तिथे ठेवा. आठवडाभर सकाळी आठ आणि रात्री आठ वाजता आकडा टिपा. तो ४० ते ६० च्या दरम्यान राहिला, किंवा थोड्या खर्चात तिथे ठेवता येईल असे दिसले, तर खऱ्या पियानोचा विचार करा. नाही राहिला तर हॅमर अ‍ॅक्शनचा डिजिटल घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या शिक्षकावर खर्च करा. दोन्ही वाटा शिकण्याच्याच आहेत.

पुढील लेखांक : पेटी वाजवणाऱ्या हाताला पियानोची पहिल्या सहा महिन्यांची शिकवण – डावा हात, बैठक आणि स्वरलिपी.