कोणते पिस्तूल घ्यावे?



गेल्या वर्षभरात आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत आणि गटऑफिसच्या कट्ट्यावरील बोलण्यात एक नवाच विषय शिरला आहे. तोडणी कधी येणार, खोडव्याला खत किती द्यायचे हे प्रश्न तर आहेतच. पण ‘पोरगी नेमबाजी शिकत्या, पिस्तूल घ्यायचं म्हणत्या, कोणचं घ्यावं?’ असेही आता विचारले जाते. यात नवल नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या कोल्हापूरच्याच. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलचे कांस्यपदक घेऊन आला, तेव्हापासून तर वाड्यावस्त्यांवरची मुलेही रेंजची वाट विचारू लागली आहेत.

आम्ही येथे लिहितो आहोत ते फक्त १० मीटरच्या एअर पिस्तुलाविषयी. हवेच्या दाबावर चालणारे, ४.५ मिलिमीटर छर्ऱ्याचे हे स्पर्धेचे पिस्तूल ठरवून दिलेल्या शक्तीच्या आत असल्याने त्याला शस्त्रपरवाना लागत नाही. २५ मीटरचे पॉइंट टू-टू बोअरचे पिस्तूल हा वेगळा मामला. त्याला परवाना लागतो. परवाना नाही म्हणून एअर पिस्तूल खेळणे ठरत नाही. माकडे हाकलायला किंवा कैऱ्या पाडायला ते बाहेर काढणाऱ्याच्या हाती ते देऊच नये.

आता पैशाचे. परदेशी बनावटीचे चांगले पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. दीड लाखाचे म्हटले तरी चाळीस-पन्नास टन ऊस गव्हाणीत गेला असे समजा. एकदा घेतले की पाच-सात वर्षे तेच वापरायचे. म्हणून आमच्या एका सभासदाने लेकीसाठी दुसरा हप्ता बाजूला ठेवला आणि घेण्यापूर्वी दोन पिस्तुले रेंजवर मारून पाहायचे ठरविले, तेव्हा आम्हीही बरोबर गेलो. आम्हांस नेम धरता येत नाही, वही-पेन्सिल तेवढी धरता येते.

दोन पिस्तुले अशी : एक स्वित्झर्लंडचे मोरिनी, विजेच्या चापाचे. दुसरे ऑस्ट्रियाचे स्टायर, साध्या यांत्रिक चापाचे. मोरिनीच्या चापामागे बारीकशी बॅटरी असते, बोट दाबले की विजेने झडप सुटते. स्टायरमध्ये सगळे काम तरफा आणि स्प्रिंगांचे. शिवाय बार सुटताना आत एक छोटे वजन मागे सरकून झटका बराचसा खाऊन टाकते. दोन्हींची नळकांडी २०० बार दाबाने भरावी लागतात. ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरणारा कॉम्प्रेसर इथे उपयोगाचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

वडिलांचे मत घरूनच ठरले होते. ‘बॅटरीचं नको. आपल्याकडं लाईटीचा काय भरवसा?’ प्रशिक्षक हसले. लाईट गेली म्हणून पिस्तूल बंद पडत नाही, बॅटरी पुष्कळ दिवस चालते. पण त्यांच्या म्हणण्यात एक मुद्दा होता. यंत्र विजेचे असो वा स्प्रिंगचे, कधीतरी बिघडतेच. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाचा वेळ गेला, ५७५ गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली आणि आठजणींची अंतिम फेरी हुकली. याच प्रकारात तिने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळविले ही पुढची गोष्ट. घेणाऱ्याने विचारायचे ते एवढेच, की सुटे भाग कोठे मिळतात आणि दुरुस्त करणारा माणूस किती कोसांवर आहे.

पहिल्या दिवशी छर्रा भरलाच नाही. प्रशिक्षकांनी मुलीला डोळे मिटायला सांगितले. मिटल्या डोळ्यांनी हात उचलायचा, लक्ष्याच्या रोखाने थांबायचा, मग डोळे उघडायचे. पुढची साईट मागच्या खाचेत मधोमध बसली असेल तर पिस्तूल हाताला लागले. दहा वेळा करविले. मोरिनीवर आठ वेळा बरोबर बसली. स्टायरवर प्रत्येक वेळी डावीकडे.

‘मग झालं की!’ वडील म्हणाले. ‘बॅटरीचं तर बॅटरीचं.’

‘थांबा दादा. पिस्तुलाला दोष देऊ नका, मूठ बघा.’ स्टायरची मूठ मध्यम मापाची होती, मुलीचा हात लहान. दोन नंबर मोठी चप्पल घालून कोण शर्यत पळेल? आठवड्याने लहान मापाची मूठ उसनी मिळाली. ती बसविल्यावर मिटल्या डोळ्यांची परीक्षा दोन्हींवर सारखीच उतरली. (मूठ लाकडी असते, भरण लावून, कानशीने घासून ती हातास बसवून घेता येते. आपल्याकडे कुऱ्हाडीचा दांडा बसवून घेतात तसेच हे.)

मग खरी परीक्षा. शनिवारी एक, रविवारी दुसरे, वेळ सकाळची तीच. छर्रे एकाच डब्यातले, चाप दोन्हींचा ५०० ग्रॅमच्या किंचित वर. त्याहून हलका नियमात बसत नाही. २०१८ पासून मुलींनाही मुलांइतकेच ६० नेम आणि ७५ मिनिटे असतात. पिस्तूल भरते किलोच्या आसपास आणि ते एकाच हाताने, कशाचाही टेका न घेता धरायचे. वाचकांनी सभासद साखरेतली एक किलोची पिशवी हात लांब करून साठ वेळा धरून पाहावी. आणि दहा गुणांचे वर्तुळ केवढे? ११.५ मिलिमीटर, सदऱ्याच्या बटणाएवढे.

मोरिनीवर पहिल्या दहा नेमांत ९४. वडिलांचा हात खिशाकडे गेला. स्टायरवर दुसऱ्या दिवशी पहिल्या दहांत ८८. इथेच बहुतेक लोक निर्णय करून मोकळे होतात. पण आम्ही वीस-वीसची बेरीज मांडली. मोरिनी : १८४, १८१, १७६. स्टायर : १७९, १८३, १८१. एकूण ५४१ आणि ५४३, म्हणजे फरक नाहीच म्हणा. फरक होता तो उताराचा. हात थकल्यावर मोरिनीवरचे तीन छर्रे सातात गेले, तिन्ही खाली डावीकडे. दमलेली मुलगी चाप ओढताना सगळीच मूठ आवळत होती. स्टायरवर दहा कमी पडले, पण सातात एकही नाही.

एवढ्यावर दुसऱ्या कोणाच्या मुलीने स्टायरच घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. तिच्याच शेजारच्या लेनवरचा मुलगा मोरिनीवर उत्तम मारत होता. आम्ही मुलीलाच विचारले. ती म्हणाली, ‘त्ये पयलं पिस्तूल हातात हाय ह्ये सारखं कळतंय. ह्ये मधीच इसरायला हुतंय.’ प्रशिक्षकांनी मान हलविली आणि वडिलांनी विषय संपविला.

नवे घ्यायचे की वापरलेले, एवढेच उरले होते. एका वरिष्ठ खेळाडूचे स्टायर मिळण्यासारखे होते, किंमतही बरीच कमी. प्रशिक्षकांनी सर्वांत आधी नळकांडे काढून त्यावर कोरलेली तारीख वाचली. या नळकांड्यांचे आयुष्य दहा वर्षे धरतात, पुढे स्पर्धेत ते चालत नाही. एकाची मुदत संपत आली होती, दुसऱ्याची तीन वर्षे शिल्लक. नव्या नळकांड्याचे पैसे किमतीतून वजा करून सौदा झाला. सोबत लहान मूठ, आणि नळीत घालायची नारिंगी सुरक्षा दोरी. ती आत असली म्हणजे नळी रिकामी आहे हे लांबूनही दिसते. रेंजवर तिच्याशिवाय पिस्तूल पेटीबाहेर काढू देत नाहीत.

पिस्तूल आता घरी कुलपात आहे, किल्ली आईकडे. रोज संध्याकाळी पाऊण तास छर्ऱ्याविना, पांढऱ्या भिंतीसमोर सराव चालतो. भिंत पांढरी राहावी म्हणून त्या बाजूचे कॅलेंडर काढून ठेवले आहे. त्यामुळे पाण्याची पाळी कोणत्या वारी आहे ते पाहायला वडिलांना आता शेजारी जावे लागते.